आधी नजर, मग एआय

पोलंडची बातमी आल्यापासून एआयविरोधकांना चांगलाच चेव आला आहे. आतड्याच्या दुर्बीण तपासणीत एआयची सवय लागलेल्या डॉक्टरांनी त्याच्याविना तपासले, तेव्हा गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आले, असा हा ऑगस्ट २०२५मधला अभ्यास. तो निरीक्षणात्मक आहे. सगळे खापर यंत्रावर फोडणे घाईचे ठरेल. पण हे डॉक्टर प्रत्येकी दोन हजारांवर तपासण्या केलेले, मुरलेले होते. ज्यांची नजर अजून बसायचीच आहे, त्या निवासी डॉक्टरांचे काय? जर्मनीतल्या २०२३च्या प्रयोगाचे उत्तर अधिक बोचरे आहे. मॅमोग्राफीवर एआयच्या नावाने मुद्दाम चुकीचा शेरा दाखवला, तर नवख्यांचे अचूक निदान सुमारे ८० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर कोसळले. अनुभवीही घसरले, पण जवळपास निम्मे तरी बरोबर राहिले.

वर्धा जिल्ह्याने हे दूरचे समजू नये. सेवाग्राम आणि सावंगीच्या वैद्यकीय महाविद्यालयांत तज्ज्ञ घडतात, आणि एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेत तीन महिने 'डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी' करावी लागते. रोहण्याहून खोकत आलेल्या शेतकऱ्याची छातीची फिल्म उद्या अशाच कुणाच्या हाती येईल. ती वाचायची एक शिस्त असते: फुप्फुसांची वरची टोके, कॉलरबोनआड दडलेली जागा, हृदयामागचा भाग, शेवटी श्वासपटलाचे कोपरे. जुन्या क्षयाचा व्रण कोणता नि नवा डाग कोणता, हे असंख्य फिल्म चुकत वाचल्यावरच उमगते. यंत्राने आधीच एका डागावर रंग चढवला, की नजर तिथेच अडकते आणि कॉलरबोनआडचे राहून जाते.

यावर आक्षेप ठरलेला आहे: १५ वर्षांवरील व्यक्तींच्या क्षय-छाननीत माणसाऐवजी संगणकाने फिल्म वाचायला हरकत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२१मध्ये मान्य केले, मग ही घोकंपट्टी कशाला? रेडिओलॉजिस्ट नसलेल्या ठिकाणी छाननीला यंत्र हवेच, त्यात वाद नाही. पण ते फक्त थुंकी कुणाची तपासायची एवढे सांगते. थुंकी निगेटिव्ह आली, तर ती सावली कर्करोगाची की जुन्या व्रणाची, हे तज्ज्ञालाच ठरवावे लागते.

खरे तर हेच यंत्र उत्तम मास्तर होऊ शकते, फक्त क्रम पाळला पाहिजे. निवासी डॉक्टरने आपले निदान लिहून सादर केल्याशिवाय एआयचा शेरा उघडूच नये. ई-लॉगबुकमध्ये नुसती 'केसेस'ची संख्या भरण्यापेक्षा तीन रकाने असावेत: माझे वाचन, यंत्राचे वाचन, अखेरचे निदान. सॉफ्टवेअरला हे मुळीच जड नाही. जड जाईल ते ओपीडीच्या रांगेला; म्हणून सगळ्या नकोत, रोजच्या दहा फिल्म अशा वाचल्या तरी चालेल.