शरमेपोटी लपवलेले दुखणे हृदयाचे असू शकते

बीपी, शुगरबद्दल आपण ओट्यावर बसून मोकळेपणी बोलतो. पण लिंगाला ताठरता येत नाही, हे पुरुष डॉक्टरांनाही सांगत नाहीत. मग रस्त्याकडेच्या जडीबुटीच्या तंबूत गुपचूप पैसे जातात, नाहीतर घरात बायकोवर राग निघतो. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने मनाई आहे, तरी भिंती रंगलेल्याच दिसतात.

ताठरता येते ती रक्तामुळे. लिंगाच्या रक्तवाहिन्या साधारण १ ते २ मिलिमीटर रुंद असतात, हृदयाच्या ३ ते ४. संत्र्याच्या बागेत ठिबकची बारीक नळी मोठ्या पाइपाच्या आधी बुजते, तसेच इथे होते. म्हणून हा त्रास पुष्कळदा छातीत दुखण्याच्या दोन ते पाच वर्षे आधी दिसतो. तेवढा वेळ उपचाराला मिळतो. तो तंबूत घालवू नये.

दोन्हींची कारणे बहुतेक एकच: शुगर, बीपी, वाढलेले कोलेस्टेरॉल, पोटाचा घेर, बिडी, खर्रा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण खिशातली पुडी सुटली का? ताण, दारू आणि काही औषधांमुळेही हा त्रास होतो. म्हणून घाबरू नये, तपासावे.

तिशीनंतर बीपी आणि शुगरची तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते. बीपी पुन्हापुन्हा १४०/९०च्या वर किंवा उपाशीपोटी शुगर १२६ वा अधिक आली, तर अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय गाठावे. ताठरतेचा त्रासही तिथे स्पष्ट सांगावा.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. बीपीच्या गोळीने ताकद जाते, असे ऐकून गोळी बंद करू नका. शंका असेल तर डॉक्टर गोळी बदलून देतात. आणि छातीच्या दुखण्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी गोळी ज्यांना चालू आहे, त्यांनी ताठरतेची सिल्डेनाफिल गोळी घेऊ नये. बीपी एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. मेडिकलमधून परस्पर ती आणूच नका.

भगिनींनो, घरधन्याला टोमणा मारू नका. त्याच्यासोबत दवाखान्यात चला. तंबाखू सोडणे, रोज अर्धा तास भरभर चालणे, मीठ-तेल कमी करणे, यातून हृदय जपले जाते आणि पुष्कळांची ताठरताही सुधारते.