कायद्याचा विद्यार्थी आणि मनाचे आरोग्य

सोलापुरातील कायद्याच्या विद्यार्थ्याच्या घरी मराठी, तेलुगू, कन्नड अथवा उर्दू बोलली जाते. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे मात्र त्याला बहुतांशी इंग्रजीतच वाचावे लागतात. एकच परिच्छेद तीनदा वाचूनही उमगला नाही की, 'आपली कुवतच नाही' असा ग्रह होऊ लागतो. वस्तुतः ही अडचण बुद्धीची नसून भाषेची असते. शिवाय 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. खुनाच्या शिक्षेचे कलम 302 होते, ते आता 103 झाले. फसवणुकीचे 420 हे 318 मध्ये गेले. त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागू असल्याने दोन्ही ध्यानात ठेवणे भाग पडते. त्यातच मुलगा किंवा मुलगी घराण्यातील पहिली वकील होणार असेल, तर साऱ्या नातलगांच्या अपेक्षांचे ओझे वेगळेच!

परीक्षेच्या तोंडावर मन धास्तावणे हा आजार नव्हे. परीक्षा सरली की ते निवळते. परंतु दोन आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, भूक मंदावली असेल, आवडत्या गोष्टींतही रस उरला नसेल किंवा आपण कुचकामी आहोत असे सतत वाटत असेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा.

नेमके येथेच हे विद्यार्थी अडखळतात. मानसोपचाराची नोंद झाली तर पुढे वकिलीची सनद मिळणार नाही, अशी भीती त्यांच्या मनात घर करून असते. अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 24-अ मध्ये सनदेसाठीच्या अपात्रता दिल्या आहेत. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातील दोषसिद्धीसारख्या बाबी तेथे आढळतात. आजाराचा उल्लेख नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 तर याहून स्पष्ट बोलतो. सक्षम न्यायालयाने तसे घोषित केल्याखेरीज, केवळ मानसिक आजाराच्या निदानावरून कोणालाही विकल मनाचा समजता येत नाही. त्याच अधिनियमाचे कलम 23 उपचारांची माहिती गोपनीय राखण्याचा हक्क देते. त्याला जीविताचा धोका, न्यायालयाचा आदेश असे मोजकेच अपवाद आहेत. दुसऱ्याच्या हक्कांसाठी भांडण्याचे शिक्षण घेणाऱ्याने स्वतःचा हा हक्क वाचलेला नसावा, याचे नवल वाटते.

वकिलाचे मन खचणे ही आजची गोष्ट नाही. संत आल्फोन्सस लिगोरी हे मुळात नेपल्स येथील नामांकित वकील. 1723 साली एक मोठा दावा हरल्यानंतर ते काही दिवस अन्नपाणी वर्ज्य करून खोलीत बसून राहिले. त्यांनी वकिली कायमची सोडली. पुढे धर्मगुरू झाल्यावरही मनातील शंकाकुशंकांनी त्यांना दीर्घकाळ छळले. त्यांचे चरित्र सांगताना आपण हा भाग बहुधा घाईने उरकतो.

दिनांक 25 जुलै 2025 रोजी न्या. विक्रम नाथ व न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी 15 मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. संसद वा विधिमंडळ कायदा करीपर्यंत ती बंधनकारक आहेत. 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी संपर्क ठेवावा. मदतवाहिन्यांचे क्रमांक वर्गांत व वसतिगृहांत ठळक अक्षरांत लावावेत, असे त्यांत नमूद आहे. आपल्या महाविद्यालयात हे झाले आहे काय, असा लेखी अर्ज विद्यार्थ्यांनी प्राचार्यांकडे अवश्य करावा. अर्जाचा मसुदा लिहिण्याचा सरावही त्यानिमित्ताने होईल.

समुपदेशक नसला तरी वाट बंद नाही. सोलापूरच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजेच आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, मानसोपचार विभाग आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा क्रमांक 14416 असून ती विनामूल्य आहे. तेथे अहोरात्र, मराठीतूनही बोलता येते.

पालकांनी 'अमक्याचा मुलगा बघ' ही तुलना टाळावी. निकालापूर्वी एकदा तरी अभ्यासाचा विषय न काढता पाल्यासोबत जेवायला बसावे. त्याने मरणाची भाषा केली तर ती धमकी वा नाटक समजू नये. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.