शेल्टरमधून आणलेलं ठणठणीत कुत्रं अचानक आजारी का पडतं? दत्तक घेण्याआधी 'ही' रक्ततपासणी महत्त्वाची

अलिबाग-मुरूडकडच्या घरासाठी शेल्टरमधलं देशी कुत्रं दत्तक घ्यायचं ठरवलंय? कुत्रं नीट खातं, खेळतं, शेपटी हलवतं. काही महिन्यांनी मात्र ते मलूल होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. 'इथलं पाणी मानवलं नाही' असं घरचे म्हणतात. बऱ्याचदा दुखणं ते सोबत घेऊनच आलेलं असतं.

यातलं नेहमीचं नाव म्हणजे गोचीड ताप. 'एर्लिकिया' हा जिवाणू गोचिडीच्या चाव्यातून रक्तात शिरतो. सुरुवातीचा ताप दोन ते चार आठवड्यांत आपोआप ओसरतो आणि मग आजार महिनोन् महिने, कधी काही वर्षं, दबून राहतो. या काळात कुत्रं निरोगीच दिसतं. आत प्लेटलेट्स घटत असतात.

म्हणून प्लेटलेट्ससह सीबीसी करून घ्यावी. नुसत्या स्लाइडवर विसंबू नये, दबलेल्या अवस्थेत जंतू तिथे सहसा दिसत नाहीत. शंका असल्यास पीसीआर किंवा अँटीबॉडी चाचणी लागते. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे देतात. दहा दिवसांत कुत्रं उड्या मारू लागतं आणि गोळ्या बंद होतात, चूक इथेच होते. गोचिडीतूनच येणारा 'बबेसिया' तर एकट्या या गोळीने बरा होत नाही.

कानाला खाच आहे म्हणजे सगळं झालं, हाही गैरसमज. ती नसबंदीची खूण. त्या वेळी रेबीजची लस देतात. डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टोची लस दिली का, हे कार्डावरच पाहावं लागतं.

कोकणातल्या पावसात लेप्टो विसरून चालत नाही. उंदराच्या मुतामुळे दूषित झालेल्या शेतातल्या, गटारातल्या पाण्यातून तो कुत्र्याला होतो. वरून धडधाकट कुत्रंही लघवीतून जंतू टाकत राहू शकतं आणि ते माणसालाही बाधतात. अंगण धुताना पायात गमबूट, हातात मोजे हवेत.

घरात आधीचं कुत्रं असेल तर नव्याला किमान दोन आठवडे वेगळं ठेवावं. पार्व्होची लक्षणं बहुतेकदा तेवढ्यात दिसतात, डिस्टेंपरला कधी जास्तही वेळ लागतो.

आणि गोचीड फक्त कुत्र्याच्या अंगावर शोधू नका. मादी हजारो अंडी घालते, तीही भिंतीच्या फटीत. जांभ्याच्या उघड्या भिंतीत फटींना काय तोटा!