भीतीच्या खात्याची पडताळणी

डोंबिवलीच्या फलाटावरील गर्दी दिसताच छाती धडधडते, घाम फुटतो; हृदयाच्या तपासणीत मात्र काहीच निघत नाही. अशा चिंताविकाराची वाच्यता व्यापारी घरांत सहसा होत नाही. मुलांच्या सोयरिकी अडतील, बाजारातील पत जाईल, ही धास्ती आजाराहून मोठी ठरते.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेला विवेकनिष्ठ उपचारांचा विचार ठाण्यात रुजवण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या ‘आयपीएच’ संस्थेचा मोठा वाटा आहे.

याच विचाराशी नाते सांगणारी ‘सीबीटी’ ही उपचारपद्धती गटातही राबवतात. आठ-दहा जण तज्ज्ञांसमवेत ठरलेल्या दिवशी बसतात. ‘मी आता कोसळणार’ या विचाराची नोंद करायची, त्याचा पुरावा तपासायचा आणि टाळलेल्या फलाटाकडे पायरीपायरीने जायचे. वहीतील नोंद बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहावी, तसेच हे. शेजारच्याची भीती ऐकताना ‘हे माझ्याच वाट्याला आले’ हा समज गळून पडतो. गटातील बोलणे बाहेर न नेण्याचे बंधन सर्वांवर असते.

बुडीत खाते लपवल्याने तोटा वाढतो; भीतीचेही तसेच आहे. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य सल्ला मिळतो. पहिला दूरध्वनी घरातील वडीलधाऱ्यांनीच करावा.