बिअर, बार्ली आणि ज्वारी

माझ्या भाच्याला सिलिअ‍ॅक आहे; ग्लुटेन त्याला चालत नाही. पुण्यातल्या एका ब्रूपबमध्ये त्याने वेटरला विचारलं, “यात गहू आहे का?” “नाही सर, फक्त बार्ली.” भाचा खूश होऊन ग्लास उचलणार, तेवढ्यात मी त्याचा हात धरला. वेटर खोटं बोलला नव्हता. प्रश्नच चुकला होता.

ग्लुटेन म्हणजे गहू, ही आपली ठाम समजूत. पण बार्लीत, म्हणजे आपल्या जवात, हॉर्डीन नावाचं प्रथिन असतं आणि राय धान्यात सेकॅलिन. सिलिअ‍ॅक असलेल्याच्या लहान आतड्याच्या अस्तराला ही दोन्ही गव्हाइतकीच बाधतात. “आंबवताना यीस्ट सगळं खाऊन टाकतं” असंही कुणी सांगतं. यीस्ट साखर खातं; प्रथिनं सगळी संपत नाहीत. काही लागर बिअरमध्ये तांदूळ किंवा मका असतो हे खरं, पण मुख्य माल्ट बार्लीचाच.

मग बाटलीवर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेलं असलं की झालं? इथे खरी गोम आहे. एक बिअर मुळातच ज्वारी, बाजरी, तांदूळ अशा धान्यांची असते. दुसरी असते बार्लीचीच, फक्त तिच्यात एक एन्झाइम घालून ग्लुटेनचे तुकडे केलेले असतात. हे एन्झाइम मुळात थंड बिअर गढूळ दिसू नये म्हणून वापरात आलं. पण तुकडे झालेलं ग्लुटेन चाचणीत नीट मोजता येत नाही आणि त्यातला एखादा तुकडा आतड्याला त्रास देणार नाही, याची खात्री कुणी देत नाही. युरोपात किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत असलेल्या अशा बिअरवर ‘ग्लुटेन-फ्री’ छापता येतं. अमेरिकेत त्यासाठी कच्चा मालच ग्लुटेनमुक्त लागतो. शब्द एकच, अर्थ दोन. मी तरी आकडा नाही, धान्य वाचतो.

आणि धान्य वाचताना ‘बकव्हीट’ दिसलं तर दचकू नका. नावातल्या व्हीटचा गव्हाशी काही संबंध नाही. हा आपला उपासाचा कुट्टू, चुक्याच्या कुळातला.

ज्वारीची बिअर हे अमेरिकेचं नवं खूळ, असंही ऐकू येतं. तिथल्या एका बड्या कंपनीची ‘रेडब्रिज’ २००६ची, पण दक्षिण आफ्रिकेत ज्वारी-मक्याची उमकोंबोथी पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी होते. नायजेरियाने १९८८ साली बार्ली माल्टची आयातच बंद केली, तेव्हा तिथल्या मोठ्या कारखान्यांना ज्वारी-मक्याकडे वळावं लागलं. सिक्कीममध्ये आंबवलेल्या नाचणीवर गरम पाणी ओतून तोंगबा नळीने ओढतात.

मग सगळे ज्वारीच का वापरत नाहीत? नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या घरात माल्ट म्हणजे काय ते सांगायला नको. अडचण पुढे येते. बार्लीचा स्टार्च साधारण ६०-६५ अंशांना फुलतो आणि तिची एन्झाइम्स तिथेच खुशीत काम करतात. ज्वारीला ७० किंवा त्याहून जास्त लागतात आणि तेवढ्या उष्णतेत साखर करणारं एक महत्त्वाचं एन्झाइम मरतं. म्हणून धान्य आधी शिजवा, निववा, मग माल्ट घाला, नाहीतर बाहेरून एन्झाइम आणा. शिवाय बार्लीचं टरफल गाळणीचं काम करतं. ज्वारीला ते नाही. सगळ्याची आंबिलीसारखी खळ होते, म्हणून भाताचं तूस मिसळतात. मोडांचंही एक आहे: कोवळ्या ज्वारीने जनावरांना जी विषबाधा होते, तिचं मूळ असलेलं द्रव्य ज्वारीच्या मोडांतही असतं. माल्ट वाळवल्यावर ते मोड चोळून काढून टाकतात.

ही बिअर पिऊन वजन उतरत नाही, हे जाता जाता. अल्कोहोल आणि कॅलरी जवळपास त्याच.

वेटरने मग उत्साहाने सांगितलं, “सर, आपल्याकडे बाजरीचीपण आहे.” मी विचारलं, यीस्ट बार्लीच्या बिअरमधलंच पुन्हा वापरता का, टाकी आणि नळ वेगळे आहेत का? तो आत जाऊन आला. सगळं एकच होतं.

भाच्याने सोडा मागवला. सोबत आलेला उडदाचा पापड त्याने न बोलता माझ्याकडे सरकवला. पापडात हिंग असतो आणि बाजारातल्या बऱ्याचशा हिंगात मैदा.