टेकडीवरची खुरटी बोरी

पुणे शहरात वेताळ टेकडी आहे. वैशाखात तेथे गेल्यास गवत वाळून पिवळे पडलेले दिसते आणि त्यातून हिवर, बोरी, खैर अशी काटेरी झाडे विखुरलेली आढळतात. गवताच्या विस्तारात अशी विरळ झाडे असलेल्या प्रदेशाला भूगोलात सव्हाना म्हणतात. सव्हाना म्हटले की आफ्रिकेतील जिराफ आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो; परंतु आपले दख्खनचे माळरानही त्याच जातीचे आहे.

अशा माळावर वाटेच्या कडेला गुडघ्याएवढे बोरीचे झुडूप दिसते. पाहणाऱ्यास ते गेल्या पावसाळ्यातले रोप वाटते. पण त्याचा बुंधा न्याहाळून पाहा. तो मनगटासारखा जाड व गाठाळ असला, तर त्या झुडपाचे वय कदाचित तुमच्याहूनही अधिक असेल. मग ते वाढले का नाही?

पहिले कारण पाण्याचे. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. टेकडीवर काळ्या खडकावर मुरमाचा पातळ थर असतो. त्यात पाणी फार काळ टिकत नाही. पाणी कमी झाले की झाड पानांवरील सूक्ष्म छिद्रे मिटून घेते. त्यामुळे पाण्याची वाफ होणे थांबते. पण त्याच छिद्रांतून आत येणारा कार्बन डाय-ऑक्साइड वायूही अडतो आणि अन्न तयार करण्याचे काम मंदावते. पुढे उन्हाळ्यात बोरी आपली पानेच गाळून टाकते.

दुसरे कारण शेळीचे. शेळी गवतापेक्षा कोवळा पाला पसंत करते. मागच्या पायांवर उभी राहून ती उंच फांद्याही ओरबाडते. शेंडा खुडला गेला की झाडाची उंच होण्याची वाट बंद होते आणि बाजूने नवे फुटवे येतात.

हे फुटवे कशाच्या बळावर येतात? पावसाळ्यात झाड जे अन्न तयार करते, त्यातील काही भाग ते मुळांत साठवते. शेतकऱ्याची कणगी असते, तशीच ही झाडाची कणगी होय. पाला गेला तरी कणगीतील अन्नावर नवा पाला फुटतो. परंतु कणगी पुन्हा भरण्यापूर्वीच तो पालाही खाल्ला गेला आणि त्याच वर्षी पाऊसही कमी पडला, तर साठा आटत जातो. एकेक संकट झाड सोसते; दोन्ही एकदम आली म्हणजे ते खुरटते.

म्हणून शेळीला झाडाची वैरीण मानावे काय? तसे नव्हे. पाने कमी झाली की पाण्याचा खर्चही कमी होतो. त्यामुळे थोडे खुडणे झाडाला सोसवते. शेळ्या बाभळीच्या शेंगा खातात व त्यांचे बी दूरवर नेतात. शेळ्यांच्या वाड्यातील बाभळीचे बी गोळा करून पेरण्याची रीतही आपल्याकडे आहे.

झाडाला हवी असते ती उसंत. १८९० च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत बुळकांडीच्या साथीने गुरे व रानातील हरणे मोठ्या संख्येने मेली. पाला खाणारी तोंडे कमी होताच मान्यारा सरोवराच्या काठी बाभळीच्या जातीची असंख्य रोपे एकदमच वाढून मोठी झाली. आपल्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने साथीची वाट पाहिली नाही. गावकऱ्यांनी आपण होऊन चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली, पाणी अडवले आणि उजाड डोंगर पुन्हा हिरवे झाले. शेंडा एकदा शेळीच्या तोंडापलीकडे गेला, की झाडाची निम्मी लढाई जिंकली जाते. त्यानंतर शेळ्या तेथे चरल्या तरी झाड उभे राहते आणि शेळीवाल्याचेही पोट भरते.

वृक्षारोपणाच्या वेळी अशी खुरटी झुडपे निरुपयोगी समजून उपटली जातात आणि त्या जागी खड्डे खणून नवी रोपे लावतात. त्या रोपांना उन्हाळ्यात पाणी घालावे लागते. खुरट्या बोरीला मात्र खोल मुळे आधीच असतात. तिला काही वर्षांची राखण मिळाली तरी पुरे. तेव्हा उंची पाहून झाडाची किंमत ठरवू नये. त्याची खरी पुंजी जमिनीखाली असते.