स्वस्त शस्त्रक्रिया, लांबचा दवाखाना



मागच्या व्याख्यानानंतर एका तरुणाची चिठ्ठी आली. ‘टक्कल पडल्यामुळे लग्न जमत नाही. इस्तंबूलला विमान-हॉटेल धरून केसरोपणाचं पॅकेज मिळतंय. जाऊ का?’ वाचल्यावर सभागृहात हशा झाला. आम्हाला काही हसू आलं नाही. जुन्नर-आंबेगावात शेतकऱ्याच्या मुलाचं लग्न जमणं किती अवघड झालंय, हे आपण सगळेच जाणतो.

परदेशी म्हणून वाईट, असं आम्ही म्हणणार नाही. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं गेलं. ती हकिकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली आणि १८१४ मध्ये कार्प्यू या इंग्रज सर्जननं त्याच रीतीनं शस्त्रक्रिया केली. कौशल्य कुठंही असू शकतं. जखम मात्र घरी येऊन भरायची असते. खरा प्रश्न तिथं आहे.

पॅकेजची किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. उरलेला भाग कागदावर दिसत नाही. पहिलं म्हणजे, हत्यार कोणाच्या हातात असणार? काही ठिकाणी डॉक्टरचं नाव पाटीवर असतं आणि काम सहायक करतात. आपल्याकडेही हे चालतं, म्हणून तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये बजावलं की व्हिडिओ पाहून किंवा कार्यशाळेत बसून केसरोपण शिकता येत नाही.

दुसरं, परतीचा प्रवास. चरबी काढणं, पोट आवळणं अशा मोठ्या शस्त्रक्रियांनंतर रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो आणि तासन्‌तास विमानात बसल्यानं तो वाढतो. सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी डोमिनिकन प्रजासत्ताकात गेलेले ९३ अमेरिकन नागरिक २००९ ते २०२२ या काळात दगावले. ज्यांचे तपशील तपासता आले, त्यांतल्या बहुतेकांत चरबी किंवा रक्ताची गुठळी हेच कारण निघालं. म्हणजे आठ-दहा दिवस तिथंच थांबायचं, तर तो मुक्काम हिशेबात धरलाय का?

तिसरं, बिघडलं तर दाद कुठं मागणार? पुण्यातल्या डॉक्टरविरुद्ध पुण्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं. इस्तंबूलच्या दवाखान्याकडून भरपाई वसूल करणं सोपं नाही. आरोग्य विमाही निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचे पैसे सहसा देत नाही.

तेव्हा त्या तरुणाला आमचं सांगणं एवढंच. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी माग: शस्त्रक्रिया करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक, बिघाड झाल्यास कोण काय करणार, आणि घरी आणायचे उपचाराचे सगळे कागद. मग मंचरच्या किंवा नारायणगावच्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचार, ‘रात्री ताप चढला, डोक्याला पू झाला, तर तुम्ही बघाल ना?’ ते हो म्हणाले, तर पुढचा हिशेब कर. नाही म्हणाले, तर ते पॅकेज स्वस्त नाही बाबा.

आणि मुलींच्या आईवडिलांनाही एक विचारतो. जावयाचे केस आपण नक्की कशासाठी मोजतो?